ऑफिसनंतरचे नसते उद्योग

सध्या माझ्या टेबलाच्या वरच्या भिंतीवर एक साडेसात इंची ई-इंक डिस्प्ले लटकतोय. त्यावर तारीख, वार, बाहेरचं तापमान, वाऱ्याचा वेग, सूर्योदय-सूर्यास्त आणि रात्री आकाशात काही बघण्यासारखं असेल तर त्याची वेळ, एवढं दिसतं. यातली एकूण एक गोष्ट फोनवर दोन सेकंदात कळते हे मला माहीत आहे, कृपया सांगू नका, घरात ऑलरेडी सांगून झालंय. आईचं म्हणणं तर अजूनच सरळ, "अरे, बाहेर गार आहे का ते खिडकी उघडून बघायचं ना, त्यासाठी एवढ्या वायरी कशाला?" यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि मी ते शोधतही नाहीये.

दिवसभर कोड लिहून घरी परत तेच कसं जमतं असं बरेचजण विचारतात. तेच नसतं ना पण. ऑफिसमध्ये मी आणि मशीन यांच्यामध्ये फ्रेमवर्क, कंटेनर, क्लाउड, शिवाय दोन-तीन टीम आणि त्यांची कॅलेंडरं एवढं सगळं बसलेलं असतं, मी एक फंक्शन लिहितो आणि ते कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये कुठल्यातरी प्रोसेसरवर चालतं म्हणे, मी काही बघितलेलं नाही. तिथे काही बिघडलं की मी लॉग वाचतो, घरी काही बिघडलं की मल्टिमीटर काढतो. मजा या फरकाची आहे, बाकी कोड तो कोडच.

तर डिस्प्ले. इंग्रजी अक्षरं दाखवायची असती तर एका संध्याकाळचं काम होतं. ईएसपी३२ नावाचा वाय-फायवाला छोटा कंट्रोलर घ्यायचा, डिस्प्ले त्याला चार-दोन वायरींनी जोडायचा, तयार लायब्ररी, म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड, टाकायची, झालं. पण मला ते मराठीत हवं होतं आणि तिथून खरा खटाटोप सुरू झाला. या छोट्या कंट्रोलरच्या ग्राफिक्स लायब्रऱ्या साधारण असं गृहीत धरतात की एक कोड म्हणजे एक चित्र, ते काढा, थोडं उजवीकडे सरका, पुढचं काढा. देवनागरी अशी चालतच नाही. 'शनिवार' घ्या. युनिकोडमध्ये न आधी साठवलेला असतो आणि पहिली वेलांटी त्याच्यानंतर, पण काढताना वेलांटी आधी यायला हवी. 'मार्च'मधला अर्धा र साठवताना च च्या आधी, काढताना च च्या डोक्यावर. 'शुक्रवार'मधला क्र, 'गुरुवार'मधला रु, प्रत्येकाची वेगळी तऱ्हा. आणि या सगळ्यांचा बाप म्हणजे 'वाऱ्याचा वेग', कारण त्यातला र धड रफार पण नाही आणि धड पूर्ण र पण नाही, त्याच्यासाठी युनिकोडमध्ये नुक्ता असलेला वेगळा ऱ आहे, त्याला हलंत लावून पुढे य. तो काही फॉन्टमध्ये नीट येतो आणि काहींमध्ये असा काही येतो की बघवत नाही.

हे सगळं शेपिंग, म्हणजे अक्षरं योग्य क्रमाने आणि योग्य आकारात बसवायचं काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते, अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस सगळीकडे तीच आहे, म्हणजे तुम्ही आत्ता हे वाचताय ते बहुतेक तिच्याच कृपेने. ती ईएसपी३२ वर कोंबता येईल का, यावर मी थोडा वेळ घालवला, मग म्हटलं जाऊ दे, चिपमध्ये सगळी मिळून ५२० केबी रॅम, त्यात वाय-फाय पण चालवायचंय, कशाला जीव काढायचा तिचा. त्यापेक्षा घरात एक रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर चोवीस तास चालूच असतो, त्यानेच अख्खं पान चित्र म्हणून काढावं आणि ईएसपी३२ ने फक्त ते उचलून डिस्प्लेवर ओतावं. ८०० बाय ४८० पिक्सेल, प्रत्येक पिक्सेल काळा किंवा पांढरा म्हणजे एक बिट, भागिले आठ, ४८ हजार बाइट. बस्स. ना जेसन (डेटा पाठवायचा मजकुरी फॉरमॅट) उलगडायचं ना फॉन्ट सांभाळायचे, कंट्रोलर बिचारा आरामात.

पायवर पायथॉन भाषा आणि पिलो ही तिची चित्रं काढायची लायब्ररी. इथे एक खोच आहे जी कुणी सांगत नाही, पिलोचं साधं टेक्स्ट लेआउट शेपिंग करतच नाही, त्याला राक्म नावाची लायब्ररी जोडलेली असली तरच ते आतून हार्फबझ वापरतं. नसेल तर ते गुपचूप चुकीचं काढतं, एरर नाही, वॉर्निंग नाही, 'शनिवार'ची वेलांटी निवांत न च्या नंतर जाऊन बसते. त्यामुळे स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच राक्म आहे का ते तपासायचं आणि नसेल तर तिथेच थांबायचं.

त्यानंतर शिरोरेषा. मोबाइलच्या स्क्रीनवर अक्षरांच्या कडांना करड्या छटा असतात म्हणून सगळं गुळगुळीत दिसतं. माझ्या डिस्प्लेवर करडा नाहीच, त्यामुळे लहान साइझला शिरोरेषा एका अक्षरावर दोन पिक्सेल जाड तर शेजारच्यावर एकच, मधेच तुटलेली, एकदम दात पडल्यासारखं. यावर कुठलीही हुशारी चालली नाही, चाललं ते एवढंच की नोटो सान्स देवनागरी या फॉन्टचा बोल्ड घ्यायचा आणि साइझ एक-एक पिक्सेल वाढवत बघायची, कुठल्यातरी एका आकड्याला सगळी अक्षरं एका रेषेत येतात, एक पिक्सेल पुढे गेलं की परत बिघडतात. तो आकडा आता स्क्रिप्टमध्ये आहे आणि त्याच्या वर कमेंट आहे, "हात लावू नको". ऑफिसच्या कोडमध्ये अशी कमेंट कुणी टाकली तर मी रिव्ह्यूमध्ये पहिला बोंबललो असतो.

ई-इंकची खरी गंमत म्हणजे चित्र बदलतानाच वीज लागते, एकदा आलेलं चित्र वीज काढून घेतली तरी तसंच राहतं, कारण आत काळे-पांढरे भारित कण असतात आणि ते एकदा सरकवले की तिथेच बसून राहतात. म्हणजे मग बॅटरीवर चालवायलाच हवं, नाहीतर काय अर्थ आहे. ईएसपी३२ तासातून एकदा उठवायचा, वाय-फाय जोडायचं, चित्र घ्यायचं, दाखवायचं, परत डीप स्लीप, म्हणजे गाढ झोप. समजा दहा सेकंद जागा आणि तेव्हा सरासरी १२० मिलिअँपिअर, तर तासावर पसरून ते साधारण ०.३३ मिलिअँपिअर होतात. २५०० एमएएचचा, १८६५० नावाच्या मापाचा लिथियम सेल कागदावर तरी दहा महिने जातो. कागदावर. कारण डीप स्लीपमध्ये चिप स्वतः दहा मायक्रोअँपिअरच्या आसपास घेते हे डेटाशीटमध्ये लिहिलेलं असतं, पण ती ज्या बोर्डावर बसवलेली असते त्या बोर्डाचा लाल एलईडी, यूएसबीची चिप आणि मुख्य म्हणजे तो स्वस्तातला व्होल्टेज रेग्युलेटर हे काही झोपत नाहीत. ते मिळून सहा-सात मिलिअँपिअर खात बसतात आणि दहा महिन्यांचे दोन आठवडे होतात. चिप झोपलीय आणि दिवा चालू, असा प्रकार. उपाय म्हणजे बॅटरीसाठीच बनवलेला, कमी करंट खाणाऱ्या रेग्युलेटरचा बोर्ड घेणं, किंवा सोल्डरिंग गन घेऊन एलईडी उपटणं. मी दोन्ही केलं, दुसरं गरज नसताना केलं कारण उपटायला मजा येते.

जागं राहण्याचा वेळ कमी करणं हा तर वेगळाच नाद आहे. वाय-फाय जोडताना बराच वेळ राउटर शोधण्यात आणि आयपी मागण्यात जातो. राउटरचा चॅनल आणि पत्ता आरटीसी मेमरीत ठेवला, ती डीप स्लीपमध्येही शाबूत राहते, वर आयपी फिक्स करून टाकला की जोडणी खूपच लवकर होते. शिवाय चित्र बदललंच नसेल तर सर्व्हर, म्हणजे तो पाय, फक्त ३०४ (म्हणजे 'काही बदललेलं नाही') असं उत्तर देतो आणि कंट्रोलर डिस्प्लेला हात न लावता परत झोपतो. हे ३०४ मी ऑफिसात कित्येक वर्षं कॅशिंगच्या, म्हणजे तोच डेटा परत परत न मागवण्याच्या, गप्पांमध्ये ऐकतोय, पण त्याने प्रत्यक्षात काहीतरी वाचतंय हे पहिल्यांदा इथे दिसलं.

तापमान मात्र इंटरनेटवरून घेत नाही, खिडकीबाहेर डीएस१८बी२० नावाचा तापमानाचा सेन्सर आहे, त्याची वायर थेट पायला. वाऱ्याचा वेग ओपन-मेटिओ या हवामानाच्या साइटवरून येतो, पवनचक्की लावायला मला घरातून परवानगी नाही. तापमानाच्या सेन्सरचं एक प्रसिद्ध नाटक आहे, मधूनच तो ८५ अंश सांगतो. बाहेर आग लागलेली नसते. चालू झाल्या झाल्या त्याच्या मेमरीत ८५ हाच आकडा असतो, आणि खरं तापमान मोजायला त्याला पाऊण सेकंदापर्यंत वेळ लागतो, तेवढं न थांबता वाचलं, किंवा मधेच पुरवठा झटका खाऊन तो रीसेट झाला, की तोच ८५ मिळतो. म्हणून बरोब्बर ८५ आला की फेकून द्यायचा आणि परत विचारायचं. उद्या खरंच बाहेर ८५ झालं तर डिस्प्ले बघायला कुणी नसेलच.

पायबद्दल फार सांगण्यासारखं नाही, एसडी कार्डावर सारखे लॉग लिहू नका, ती मरतात, स्वस्तातला एसएसडी लावा, क्रॉन जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, लावा आणि विसरून जा. घरी कुबरनेटिस (मोठ्या कंपन्यांची सर्व्हर सांभाळायची यंत्रणा) चालवणारे लोक मला भेटतात, त्यांच्याबद्दल आदर आहे पण मला ते ऑफिस घरी आणल्यासारखं वाटतं. मेकॅनिकल कीबोर्डचा किडा पण चावून गेलाय, स्विच बदलले, क्यूएमके नावाचं कीबोर्डच्या आतलं सॉफ्टवेअर टाकलं, कॅप्स लॉकला एस्केप केलं, त्यानंतर त्यात करण्यासारखं काही उरलं नाही, फक्त विकत घेण्यासारखं उरलं.

आता आकाशाचं. माझा कॉम्प्युटरशी संबंध नसलेला एकमेव छंद म्हणजे १० बाय ५० ची दुर्बीण, दहापट मोठं दिसतं आणि पुढची भिंग ५० मिलिमीटरची, तेवढ्यात कृत्तिकांचा पुंजका मस्त दिसतो आणि कोपर कठड्यावर नीट टेकवले तर गुरूचे चार चंद्र पण दिसतात, १६१० मध्ये गॅलिलिओने पाहिलेले तेच. दुसऱ्या रात्री बघितलं की त्यांच्या जागा बदललेल्या असतात, सगळ्यात आतला आयो तर दोन दिवसांच्या आत फेरी मारतो. हा छंद मी कॉम्प्युटरपासून लांब ठेवणार होतो, किती दिवस टिकलं ते विचारू नका, कारण त्यात आयएसएस, म्हणजे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक, आलं.

आयएसएस साधारण ४०० किलोमीटरवरून जातं, दीड तासात एक फेरी, आणि संध्याकाळी किंवा पहाटे आपल्याकडे अंधार पण त्याच्यावर अजून ऊन, अशा वेळी ते नुसत्या डोळ्यांनी झक्क दिसतं. विमानासारखं लुकलुकत नाही, आवाज नाही, पश्चिमेकडून कुठूनतरी वर चढतं, आणि बऱ्याचदा क्षितिज गाठायच्या आधीच पृथ्वीच्या सावलीत शिरून काही सेकंदात विझतं. पाच-सहा मिनिटांचा खेळ. तो चुकू नये म्हणून स्क्रिप्ट. उपग्रहांच्या कक्षा टीएलई नावाच्या फॉरमॅटमध्ये मिळतात, सेलेस्ट्रॅक नावाच्या साइटवरून फुकट, प्रत्येकाच्या दोन ओळी, ओळीत ६९ अक्षरं, सगळं पंच कार्डाच्या जमान्यातलं. स्कायफील्ड नावाच्या पायथॉन लायब्ररीला त्या दोन ओळी आणि आपले अक्षांश-रेखांश दिले की ते कधी उगवेल, कधी सगळ्यात वर असेल, कधी मावळेल सांगते, तेव्हा त्याच्यावर ऊन असेल का हेही सांगते. दोन ओळी मात्र ताज्या हव्यात, तिथल्या विरळ हवेनेही स्थानक हळूहळू खाली येतं आणि मग इंजिन चालवून परत वर ढकलतात, जुन्या आकड्यांवर वेळ चुकते.

या फॉरमॅटमध्ये वर्ष दोनच आकडी आहे. आपल्याला वायटूकेची, म्हणजे २००० साली दोन आकडी वर्षांमुळे झालेल्या घोळाची, सवय, त्यामुळे मी लगेच बघायला गेलो की यांनी कसं निभावलं, तर नियम असा की ५७ ते ९९ म्हणजे १९५७ ते १९९९ आणि ०० ते ५६ म्हणजे २००० ते २०५६. ५७ च का, तर स्पुटनिक १९५७ मध्ये गेला, त्याच्या आधी उपग्रहच नव्हते! इतकं सुंदर कारण असलेला हॅक मी ऑफिसात आजवर बघितलेला नाही. उपग्रहाच्या नंबराला मात्र पाचच जागा आहेत, आयएसएसचा २५५४४, आणि आता उपग्रह एवढे झालेत की त्या जागा पुरेनाशा होतायत, म्हणून नवा डेटा जेसनमध्ये पण देतात. माझी स्क्रिप्ट तिकडे हलवायचं चाललंय. गरज आहे का? नाही, आयएसएसचा नंबर काही बदलणार नाहीये.

त्याच्याआधी बॅटरीची टक्केवारी एकदाची निस्तरायचीय. लिथियम सेल ४.२ व्होल्टला भरलेला असतो, मग बराच काळ ३.७ च्या आजूबाजूला रेंगाळतो आणि शेवटी धपकन पडतो, त्यात ईएसपी३२ मधला व्होल्टेज मोजणारा भाग, एडीसी, दोन्ही टोकांना सरळ रेषेत वागत नाही, त्यामुळे माझा डिस्प्ले कित्येक आठवडे ६० टक्के दाखवतो आणि मग एका रात्रीत १५. सध्या एका सेलला रेझिस्टर लावून टेबलावर ठेवलाय आणि दर दहा मिनिटांनी मल्टिमीटरचं रीडिंग आणि चिपचं रीडिंग शेजारी शेजारी लिहून घेतोय, हो, वहीत, पेनाने, कारण मल्टिमीटरला यूएसबी नाहीये आणि यूएसबीवाला घेतला तर तो अजून एक प्रोजेक्ट होईल.