लाल व्हायला थंडीच लागते म्हणे

ऑक्टोबर अर्धा उलटला की पुण्यातल्या निम्म्या घरांत मोबाइलवर लाल झाडं उगवायला लागतात. कुणाचा भाऊ न्यू जर्सीत, कुणाची सून टोरांटोत, कुणाचा नातू बोस्टनला. इकडे आपण ऑक्टोबर हीटनं वैतागलेले, दिवाळीच्या साफसफाईसाठी माळ्यावर चढलेले. आणि तिकडून फोटो येतात. पिवळीधमक, शेंदरी, डाळिंबी झाडं, खाली पानांचा सडा आणि मधोमध जाकीट घालून उभं असलेलं आपलं माणूस. ग्रुपवर धडाधड अंगठे आणि बदाम पडतात. मग एखादी मावशी विचारते, "एवढा केर काढतं कोण गं?" मला तरी त्या सगळ्या संभाषणात हाच प्रश्न मुद्द्याचा वाटतो.

माझी भाची मिशिगनात असते. तिच्या परसात फळझाडं आहेत, त्यामुळे तिचे फोटो जरा वेगळे. मेपल काय, सगळेच पाठवतात. ब्लूबेरीचं झुडूप कोण पाठवतं? जेमतेम कमरेएवढं झुडूप, फळं जुलै-ऑगस्टमध्येच काढून झालेली, आणि ऑक्टोबरात त्याचं पान न् पान तांबडंभडक. तोडा संपला की झाडाकडे कुणी ढुंकून बघत नाही असा आपल्याकडचा रिवाज. त्या झुडपाचा खरा थाट तोडा संपल्यावरच सुरू होतो. ब्लूबेरी मुळात तिकडचीच, रानातली. लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक न्यू जर्सीतून १९१६ साली बाजारात गेलं, म्हणजे फळांच्या दुनियेत हे अगदीच अलीकडचं प्रकरण. रानातली खोड अजून गेलेली नाही, हे रंगावरून कळतंच.

चेरीची पानं केशरी होतात. नाशपतीची एकाच फांदीवर पिवळी, तांबडी आणि जवळजवळ वांगी रंगाची. तिच्या शेजाऱ्याच्या दारात ‘कॅलरी’ (Callery) नावाची शोभेची नाशपती आहे, तिचा रंग सगळ्यात उशिरा चढतो आणि सगळ्यात गडद असतो. पण फळ खाण्यालायक नाही, वसंतात फुलांना कुबट वास, आणि बी पडेल तिथे रान माजवते. म्हणून ओहायो राज्यानं २०२३पासून तिच्या विक्रीवर आणि लागवडीवर बंदीच घातली. एका रंगासाठी माणसं काय काय दारात लावून घेतात!

"सफरचंद मात्र अगदी अरसिक आहे हां, मामा," भाचीनं एकदा लिहिलं होतं. "पानं मळकट पिवळी होतात, कडेनं तपकिरी पडतात नि गळतात. सगळा लाल फळातच संपत असणार."

तसा तो संपत नाही. पण सफरचंदाच्या अरसिकपणामागे खरोखरच एक भानगड आहे. ती कळायला आधी पानाचा जमाखर्च बघावा लागतो.

पिवळा रंग बाहेरून येत नाही. तो पानात पहिल्यापासून असतो, हरितद्रव्याखाली दबलेला. दसऱ्याला आपण दाराला झेंडूचं तोरण लावतो, त्या झेंडूचा पिवळा म्हणजे ल्युटीन; तेच ल्युटीन कढीपत्त्याच्या पानात असतं, वडाच्याही असतं. थंड मुलखात दिवस आखडले, रात्री गारठल्या की झाड हरितद्रव्य मोडीत काढतं आणि पानातलं नत्र, स्फुरद जमेल तेवढं फांदीत ओढून घेतं. भाड्याचं घर सोडताना पंखे, बल्ब, गिझर, दारावरची पाटी सगळं उतरवून नेणारा चिवट भाडेकरू असतो ना, तसं. सामान हललं की भिंतीचा मूळ रंग दिसायला लागतो.

लाल रंगाचा हिशेब निराळा. तो बहुतेक झाडांना त्या वेळी मुद्दाम तयार करावा लागतो. अँथोसायनिन त्याचं नाव. जांभळानं जीभ रंगते, कोकमाचं सरबत लाल दिसतं, ते याच कुळामुळे. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा, पण गोठवणारा नव्हे, असं हवामान जुळलं की पानात साखर साठत जाते. देठाशी बूच बसायला लागलेलं असतं, त्यामुळे तिला बाहेर पडायची वाट अवघड. त्या साखरेच्या जोरावर लाल तयार होतो. ज्या वर्षी पाऊस-ढगांतच थंडी येते, त्या वर्षी रंग बसतो फिका, आणि फोटो येतात कमी.

आता जे पान पंधरवड्यात मातीत जाणार, त्याच्यावर हा खर्च कशाला? यावर शास्त्रज्ञांची दोन घरं आहेत. एक म्हणतं, हरितद्रव्याची यंत्रणा मोडत असताना ऊन काही थांबत नाही. त्या उन्हानं पान होरपळलं तर आतला ऐवज काढून घेण्याआधीच वाया जाईल. म्हणून हा लाल पडदा. दुसरं घर डब्ल्यू. डी. हॅमिल्टन या इंग्रज जीवशास्त्रज्ञाचं. तो २००० साली वारला, आणि त्याचा सॅम ब्राउनबरोबरचा लेख त्यानंतर २००१मध्ये आला. त्याचं म्हणणं असं की, शरद ऋतूत अंडी घालायला झाड शोधत फिरणाऱ्या माव्याला, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किडीला, हा इशारा आहे: इथे येऊ नकोस, इथे डाळ शिजणार नाही.

इथे सफरचंद येतं. त्याचं कूळ मध्य आशियातलं, कझाकस्तानच्या डोंगरांतलं. मार्को आर्केती या संशोधकानं २००९मध्ये प्रसिद्ध केलं, की तिथल्या रानसफरचंदांत पानं लाल होणारी झाडं भरपूर आहेत आणि लागवडीच्या जातींत अगदी मोजकी. माणसानं फळाचा आकार बघितला, गोडी बघितली, टिकाऊपणा बघितला, पिढ्यान् पिढ्या त्यावरच निवड केली. माव्याचा बंदोबस्त माणूसच करायला लागल्यावर झाडानं पानं रंगवायची कुणासाठी? मला हे फार पटतं. खरं म्हणजे त्यातली गोष्ट चांगली आहे म्हणून जरा जास्तच पटतं. भाचीला कळवलं तर तिचं उत्तर आलं, "म्हणजे आता मावा मीच मारायचा का!"

पुण्यात राहून हे सगळं वाचताना एक हळहळ ठरलेली असते, की आपल्याकडे असलं काही नाही. त्याला भूगोलही जबाबदार आहे. पुण्यात डिसेंबरातला सगळ्यात लहान दिवस अकरा तासांचा असतो आणि जूनमधला सगळ्यात मोठा सव्वातेरा तासांच्या आसपास. मिशिगनात हाच फरक सहा तासांवर जातो. तिथल्या झाडाला ऋतू बदलल्याचं ठणकावून सांगितलं जातं, आपल्या झाडाला नुसती कुणकुण लागते. आपल्या रानातली पानगळ थंडीपेक्षा पाणी तुटण्याची. सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे, तळं, पूल, पाणी, हिरवळ सगळं मनापासून. पण ओकायामाचा नोव्हेंबर काही त्याबरोबर आणता आला नाही.

तरी माझा पुण्याच्या बाजूनं एक साक्षीदार आहे, देशी बदाम. समुद्रकाठचं, उष्ण देशातलं झाड. थंडीशी त्याचा काडीचा संबंध नसावा. आणि डिसेंबर-जानेवारीत हेच झाड असं पेटतं की विचारू नका. आमच्या सोसायटीच्या गेटाजवळ एक आहे. त्याचं खाली पडलेलं एक पान उचलून बघा. वीतभराहून लांब, टोकाकडे रुंद, देठाकडे निमुळतं होत गेलेलं. मधली शीर पिवळी. एका अंगाला गडद मरून, दुसऱ्या अंगाला अजून हिरवा उरलेला, आणि दोघांच्या सीमेवर केशरी. पानाच्या बुडाशी, शिरेच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक गाठी. चष्मा असला तर भिंग लागत नाही. आणि सगळ्यात मजा म्हणजे झाडावर असताना वरच्या पानानं जेवढा भाग झाकला होता तेवढ्यावर लाल चढलेलाच नसतो. वरच्या पानाची कड खालच्या पानावर पिवळी उमटलेली असते, अगदी काटेकोर. लाल रंग म्हणजे उन्हाचा पडदा, म्हणणाऱ्या घराला मी या पानामुळे एक मत जास्त देतो.

या झाडावर सोसायटीच्या वार्षिक सभेत विषय क्रमांक असतो. "बदामाच्या कचऱ्याबाबत निर्णय घेणे." गाड्यांवर पानं पडतात, गटाराची जाळी तुंबते, झाडणाऱ्या मावशी कुरकुर करतात. यातली शेवटची तक्रार खरी आहे. त्या बिचाऱ्या एका बाजूनं झाडत जातात आणि मागे पानं पडत राहतात. पण झाड काढा म्हणून सगळ्यात मोठा आवाज ज्यांचा, ते गृहस्थ मागच्याच ऑक्टोबरात टूरबरोबर काश्मीरला जाऊन चिनाराची पडलेली पानं तुडवून आलेले. त्याचा व्हिडिओ आम्हाला क्लबहाउसमध्ये दाखवलाही होता, संतूरसकट. १९७५च्या कायद्यामुळे शहरातलं झाड तोडायला परवानगी लागते, म्हणून विषय दर वर्षी पुढच्या वर्षावर जातो. तोवर हीच पानं वाळवून मत्स्यालयाच्या दुकानांत पैसे घेऊन विकतात. फायटर माशाला म्हणे त्या पानाचं तपकिरी पाणी मानवतं. गच्चीवर बाग करणारी मंडळी सुकी पानं पोत्यानं न्यायला तयार असतात, ते वेगळंच. सभेत हे सांगितलं की "तुम्ही लेखी द्या" म्हणतात.

बदामाला जोडीदार आहे, तामण. राज्यफूल म्हणून त्याचं कौतुक मे महिन्यात, जांभळी फुलं आली की. थंडीत त्याची जुनी पानं तांबूस-विटकरी होतात तेव्हा त्याच्याखालून स्कूटर काढणाऱ्या माणसाला ते झाड कोणतं हेही माहीत नसतं.

आणि पुण्याचा खरा लाल तर अजून पुढे आहे, फेब्रुवारी-मार्चमध्ये. पिंपळाची नवी पालवी बघा. तांब्याच्या रंगाची, काही झाडांवर चक्क गुलाबी, इतकी पातळ की ऊन आरपार दिसतं, आणि वाऱ्यानं लकाकते. आंब्याची कोवळी पानं लालसर, मरगळल्यासारखी लोंबणारी. सह्याद्रीत कुसुंबाला पालवी फुटते तेव्हा लांबून झाडाला बहर आलाय असंच वाटतं. जवळ जावं तर फूल एक नाही, सगळी पानंच. हाही लाल अँथोसायनिनचाच. कोवळ्या पानात हरितद्रव्याची यंत्रणा अजून पुरती बसलेली नसते, ऊन तर चैत्राकडे निघालेलं, म्हणून पडदा. काहींच्या मते किडीलाही असलं पान रुचत नाही. म्हणजे तिकडे पान निघताना लाल होतं, इकडे येतानाच लाल येतं. कारण बहुधा तेच, कच्च्या अवस्थेत ऊन सोसायचं. वयाची दोन टोकं आणि रंग एक. मिशिगनात ऑक्टोबरात जे दिसतं ते पुण्यात होळीच्या आगेमागे दिसतं, फक्त आपण त्या वेळी परीक्षा, मार्च एंड आणि टँकर यांत गुंतलेले असतो. मी भाचीला पिंपळाचा फोटो पाठवला तेव्हा तिकडे अंगणात चिखल-बर्फ होतं. तिनं विचारलं, "मामा, हे कुठल्या थंड हवेच्या ठिकाणी गेलायस?" सदाशिव पेठेत, म्हटलं.

हल्ली पुण्यातल्या रोपवाटिकांत सफरचंदाची रोपंही मिळतात. हिमाचलच्या बिलासपूरचे हरिमन शर्मा यांनी काढलेली एचआरएमएन-९९ ही जात उष्ण भागातही फळ धरते. त्यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. जुन्या जातींना हिवाळ्यात हजार-हजार तासांची थंडी लागायची, त्या मानानं हिचं भागतं थोडक्यात. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे कुंडीत एक आहे. डिसेंबर आला तरी ते पानं सोडायला राजी नसतं. काकू रोज त्याला "गळ की रे बाबा" म्हणतात. इंडोनेशियात, पूर्व जावातल्या बातू गावाकडे, सफरचंदवाले यावर वेळ घालवत नाहीत. माणसं लावून हातानं पानं ओरबाडतात, झाडाला वाटतं हिवाळा होऊन गेला, आणि ते फुलतं. वर्षातून दोन पिकं काढतात. मी काकूंना हे सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी मांजराच्या मिशा ओढा म्हणालो.

पण जावापर्यंत जायला कशाला हवं? माझा मावसभाऊ इंदापूरकडे डाळिंब करतो. डाळिंबाला वर्षात केव्हाही फूल येऊ शकतं, म्हणून बहार शेतकऱ्यानं ठरवायचा: आंबे बहार, मृग बहार नाहीतर हस्त बहार. पाणी तोडून बागेला ताण द्यायचा, मग इथरेलची फवारणी. बाटलीतल्या त्या औषधातून इथिलीन सुटतं. मिशिगनातल्या पानाच्या देठाशी ताटातूट घडवण्यात ज्याचा हात असतो, तेच. लिटरमागे मिलीच्या हिशेबात औषध, आणि काही दिवसांत अख्खी बाग पिवळी पडून पानं झडतात. मग छाटणी, खत, पाणी, आणि पुन्हा लालसर पालवी. सांगलीपासून नाशिकपर्यंत हजारो एकरांवर असा हिवाळा माणसं पंपानं पाडतात आणि त्याला कुणी रंगांचा सोहळा म्हणत नाही. मी त्याला फोनवर म्हटलं, यंदा पिवळी बाग बघायला येतो, फोटो काढतो, भाचीला पाठवतो. तो हसला. "ये की. पण पाच तारखेला फवारतोय, आठवड्याच्या आत ये. नंतर आलास तर नुसते काटे बघावे लागतील. आणि येताना पुण्यातनं छाटणीच्या दोन चांगल्या कात्र्या घेऊन ये, इथल्या बोथट निघतात."