ट्यूब टेस्टिंग म्हटलं की डायरेक्ट एक्सरेच कशाला?

मुलासाठी ट्राय करणाऱ्या बायकांमध्ये एचएसजीची, म्हणजे गर्भनळ्या मोकळ्या आहेत का ते एक्सरेवर बघायच्या टेस्टची, जी दहशत आहे ती विचारू नका, माझ्या नणंदेने तिच्या टेस्टचं वर्णन असं काही रंगवून सांगितलं होतं की माझ्या पोटात आधीच कळा यायला लागल्या. पण आमच्या कोथरूडच्या डॉक्टर म्हणाल्या, "अगं, आधी सोनोग्राफीवर बघू, एक्सरे लागलाच तर नंतर." असं काही असतं हे माझ्या गावीही नव्हतं, म्हणून लिहितेय.

साध्या सोनोग्राफीत गर्भाशय दिसतं, ओव्हरीज दिसतात, फॉलिकल (अंड्यांच्या पिशव्या) मोजता येतात, पण नळ्या दिसत नाहीत. दहा-बारा सेंमी लांब असल्या तरी त्या बारीक आणि मिटलेल्या असतात, पाणी भरून फुगल्या तरच दिसतात. त्यामुळे "सोनोग्राफी नॉर्मल आली" म्हणजे नळ्या मोकळ्या, असं अजिबात नाही हं. त्यासाठी आत काहीतरी सोडून ते पुढे जातंय का बघावं लागतं. एचएसजीत आयोडीनवाला डाय (रंगद्रव) आणि एक्सरे, सोनोग्राफीवाल्या टेस्टमध्ये सलाईन किंवा फोम (फेस) आणि आतून सोनोग्राफी, म्हणजे रेडिएशनचा प्रश्नच नाही. सलाईनवाल्या पद्धतीवर मुंबईच्या सायन हॉस्पिटलात बरंच काम झालंय, म्हणून काही डॉक्टर तिला सायन टेस्टच म्हणतात. पण नुसत्या सलाईनमध्ये गर्भाशयामागे पाणी साठलेलं दिसलं तर एक तरी नळी उघडी आहे एवढंच नक्की कळतं, कुठली ते कळेलच असं नाही. फोम पांढराशुभ्र चमकतो, त्यामुळे दोन्ही बाजू वेगवेगळ्या बघता येतात.

टेस्ट पाळी थांबल्यावर आणि ओव्ह्युलेशनच्या, म्हणजे अंडं बाहेर पडायच्या, आधी करतात. तासभर आधी पेनकिलर घेतली आणि टिळक रोडच्या ट्रॅफिकमधून पोचलो. वेटिंगमध्ये 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' या बोर्डाखाली सातव्या-आठव्या महिन्यातल्या बायकांच्या मधोमध आपण बसायचं, खरं सांगू, टेस्टपेक्षा ते जास्त जड गेलं. आत बारीक कॅथेटर (लवचिक नळी) घातला, पाळीत दुखतं तशी कळ आली, आणि स्क्रीनवर करड्या धुक्यात एक पांढरी रेघ उजवीकडे सरकत गेली. डावीकडे मात्र कोपऱ्यातच अडली. माझा चेहरा बघून डॉक्टर म्हणाल्या, "थांब, स्पॅझम असेल," आणि जरा वेळाने हळूच परत सोडलं तर गेली की रेघ पुढे!

हे मुद्दाम सांगतेय, कारण नळी गर्भाशयाला जिथे जोडलेली असते तिथे ती नुसती आकसली तरी एचएसजीच्या रिपोर्टवर सरळ 'ब्लॉक' येऊ शकतं, आणि तेवढ्यावर घरात रडारड सुरू होते. शंका राहिली तर दुर्बिणीतून निळा डाय सोडून खात्री करतात. खराखुरा ब्लॉक असेल तर कारणही शोधायला हवं, आपल्याकडे जननमार्गाचा टीबी हे त्यातलं मोठं कारण आहे. आणि फुगलेली, पाणी भरलेली नळी असेल तर आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबीच्या) आधी ती काढायला किंवा बंद करायला सांगतात, कारण तशीच ठेवली तर यश कमी मिळतं.

एचएसजी वाईट असं मी म्हणत नाहीये. नेदरलँड्समधल्या २०१७ च्या मोठ्या ट्रायलमध्ये तेलवाला डाय वापरलेल्या बायकांना पाणीवाल्या डायपेक्षा जास्त प्रमाणात दिवस राहिले होते. पण तिथल्याच २०२२ च्या, हजारावर बायकांच्या ट्रायलमध्ये पुढची ट्रीटमेंट फोमच्या रिपोर्टवर ठरवली काय नि एचएसजीच्या रिपोर्टवर ठरवली काय, बाळ होण्याचं प्रमाण जवळपास सारखंच आलं, आणि फोमला दुखणं कमी. मग सुरुवात कमी त्रासाच्या टेस्टने का नको? फक्त करणाऱ्याचा हात बसलेला हवा.

अजून एक, हे सगळं करायच्या आधी नवऱ्याची सीमेन टेस्ट करून घ्या. सगळ्यात सोपी टेस्ट ती, आणि घरच्यांना आधी आठवतात त्या सुनेच्या नळ्या! आणि सेंटरला फोन कराल तेव्हा फोम की सलाईन हे आधीच विचारा, फोमचं किट वेगळं लागतं त्यामुळे खर्चात फरक पडतो.