त्रिकोणाचे उरलेले टोक

चिकटपट्टीशी माझे जुने वैर आहे. जिची घडी नीट बसली आहे अशा वस्तूला चिकटपट्टी लागत नाही आणि जिला ती लागते तिची घडी मुळातच चुकलेली असते, हे माझे मत ड्रॉइंग ऑफिसातल्या नोकरीने पक्के केले आणि निवृत्तीनंतर ते अधिकच कडवे झाले. त्यामुळे न्यू जर्सीला लेकीच्या घरी एका दुपारी जेवणाच्या टेबलाखालचा केर काढताना कागदाचा एक जाडसर त्रिकोण सापडला आणि त्याच्या तिन्ही कडांना चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली, तेव्हा तो सुपलीत न जाता माझ्या हातात राहिला. नातू शाळेतून येईपर्यंत मी नखाने पट्टी सोडवून त्याची एकेक घडी उलगडली. आत गुणाकाराची उदाहरणे होती, त्यातली निम्मी सोडवलेली.

"आजी, माझा फुटबॉल का फाडलास?"

"फाडला नाही, उलगडला. याला पट्टी कशाला लावली होतीस?"

"नाही लावली तर तो उघडतो."

तो का उघडतो, हा प्रश्न त्याला कधी पडलेला नव्हता. मला मात्र तो पडला आणि त्या दिवशी संध्याकाळची भाजी लेकीला करावी लागली.

अमेरिकेतल्या शाळांत जेवणाच्या सुट्टीत मुले हा कागदी फुटबॉल खेळतात. फुटबॉल म्हणजे त्यांचा, टोकदार चेंडू हातात घेऊन पळण्याचा. दोघांनी टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसायचे आणि त्रिकोण टिचकीने आळीपाळीने पुढे सरकवायचा. तो पलीकडच्या कडेवरून थोडा बाहेर लोंबकळला आणि तरीही खाली पडला नाही, तर तो टचडाऊन. त्याचे खऱ्या खेळात १९१२ पासून मिळतात तेवढेच सहा गुण. मग प्रतिस्पर्ध्याने दोन्ही अंगठ्यांची टोके एकमेकांना लावून आणि तर्जन्या सरळ वर उभ्या करून गोल तयार करायचा, आणि आपण त्रिकोण एका बोटाखाली टोकावर उभा धरून दुसऱ्या हाताच्या टिचकीने त्या तर्जन्यांमधून उडवायचा. गेला तर आणखी एक गुण. याशिवाय मैदानी गोलाचे तीन गुण आणि टेबलाखाली पडण्याबद्दलचे काही नियम असतात, पण ते प्रत्येक बाकावर थोडेफार वेगळे असावेत असा मला संशय आहे. गोल होऊन बसण्याची पाळी माझ्यावर येते तेव्हा मी आधी चष्मा काढून ठेवते.

आता घडीकडे वळू. कागद लांबीच्या दिशेने दोनदा दुमडून चार पदरी पट्टी करायची, तिच्या एका टोकाचा कोपरा समोरच्या कडेला लावून त्रिकोण पाडायचा, तो त्रिकोण पट्टीवरून लोळवत लोळवत न्यायचा आणि शेवटी उरलेले शेपूट त्रिकोणाच्या खिशात खोचायचे. सगळे भांडण त्या शेपटाचे आहे. अमेरिकेतला नेहमीचा कागद साडेआठ इंच रुंद आणि अकरा इंच लांब असतो. त्याची चार पदरी पट्टी सव्वादोन इंचांहून थोडी कमी, म्हणजे ५४ मिलिमीटर रुंदीची होते आणि तिच्या लांबीत त्या रुंदीचे बरोबर पाच चौरस बसून जेमतेम एक सेंटिमीटर उरतो. एका सेंटिमीटरचे शेपूट कोणत्याही खिशात टिकत नाही. एक चौरस कमी लोळवला, तर शेपूट इतके लांब राहते की ते दुमडून कोंबावे लागते आणि एक कोपरा सुजल्यासारखा फुगतो. मुलांनी चिकटपट्टी शोधून काढली ती आळसाने नव्हे. त्यांच्या कागदाचे मापच त्यांना दगा देते.

आपल्या ए-फोर कागदाने दिला नसता. २१० बाय २९७ मिलिमीटरच्या कागदाची चार पदरी पट्टी साडेबावन्न मिलिमीटरची होते आणि पाच चौरसांनंतर साडेचौतीस मिलिमीटरचे शेपूट हाती राहते, खिशात जाऊन बसायला अगदी योग्य. १९२२ साली जर्मनीत वाल्टर पोर्स्टमान यांनी कागदाची ही मापे प्रमाण म्हणून मांडली तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर एवढेच होते, की कागद मधोमध कापला तरी लांबी-रुंदीचे प्रमाण तेच राहावे. ए-झिरो बरोबर एक चौरस मीटरचा आणि ए-फोर त्याचा सोळावा भाग, म्हणून चौरस मीटरला ऐंशी ग्रॅम भरणाऱ्या कागदाचे एक ए-फोर पान पाच ग्रॅम भरते. नोकरीत असताना हे आम्हाला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले असते. पिंपरीच्या कारखान्यात मी ट्रेसर, म्हणजे आराखडे पारदर्शक कागदावर गिरवणारी, म्हणून लागले. अमोनियाच्या वासाचे ते मोठमोठे प्रिंट ए-फोरच्या मापात घडी करून फाइलला लावण्याचे काम नव्या मुलींकडे असे, आणि टायटल ब्लॉक, म्हणजे आराखड्याचे नाव आणि क्रमांक लिहिलेला चौकोन, वरच्या बाजूला, पूर्ण वाचता येईल असा आला नाही, तर आमच्या हेडड्राफ्ट्समन साहेबांना तो स्वतःचा अपमान वाटे. त्यांनी शिकवलेली एक गोष्ट मला न्यू जर्सीत कामाला आली. अनेक पदर एकावर एक दुमडताना बाहेरच्या पदराला आतल्यापेक्षा जास्त अंतर चालावे लागते, म्हणून प्रत्येक घडीला केसाएवढी सूट सोडायची. ती सोडली नाही, तर चाळीस पदरांचा, सुमारे चार मिलिमीटर जाडीचा हा त्रिकोण शेवटी त्रिकोण राहतच नाही. त्याची एक बाजू दुसरीहून लांब होते.

चिकटपट्टीवाचून बंद राहणारा कागद मी पहिल्यांदा पाहिला तो वाईला, दवाखान्याच्या खिडकीत. आमच्या लहानपणी डॉक्टर तपासत आणि औषध कंपाउंडरकाका देत. बाटलीतल्या मिक्श्चरला कागदाची कातरलेली पट्टी डकवलेली असे आणि तिच्या खाचांवरून डोस मोजायचा, पण मला बाटलीत रस नव्हता. मी टाचा उंचावून पुड्यांकडे पाहत असे. काका पांढऱ्या कागदाचे सारखे तुकडे टेबलावर ओळीने मांडत, खलातली पूड सुरीच्या टोकाने प्रत्येकावर ठेवत आणि पुन्हा तिच्याकडे न पाहता, बाहेरच्या पेशंटशी कोरेगावच्या घेवड्याबद्दल बोलता बोलता पुड्या बांधत. दोन लांब कडा एकत्र आणून दुमडायच्या, टोके मागे वळवायची आणि एक टोक दुसऱ्याच्या पोटात सारायचे. डिंक नाही, दोरा नाही. त्या पुड्या आईच्या पिशवीत, भाजीखाली, पावसात घरी येत आणि एकही उघडत नसे. मी रद्दीच्या तुकड्यांवर साखर घेऊन तशा पुड्या बांधायची आणि धाकट्या भावाला तीन वेळा, जेवणानंतर, द्यायची. तो बिचारा खरोखर जेवणानंतरच खायचा. माझ्या पुड्यांतून साखर सांडे, हे त्याने आईला कधी सांगितले नाही, पण मुंग्यांनी सांगितले.

तर पहिली सुधारणा सोपी होती. अमेरिकन कागदाच्या रुंदीतून अठरा मिलिमीटरची पट्टी कापून टाकली की त्याचे प्रमाण ए-फोरसारखे होते. त्रिकोण किंचित लहान होतो, पण शेपूट खिशात असे बसते की मुद्दाम उपटल्याशिवाय निघत नाही. जावयांनी मला मोजपट्टी घेऊन बसलेले पाहिले तेव्हा ते म्हणाले, "आई, इथे ध्वजाची घडीही अशीच घालतात." नातवाने ती स्काउटमध्ये शिकलेली होती: लांबीच्या दिशेने दोनदा दुमडायचे, ध्वजावरच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या टोकापासून त्रिकोण लोळवत न्यायचा, चांदण्या बाहेर येतात आणि शेवटचे टोक खिशात जाते. सैनिकाच्या शवपेटीवरचा ध्वज पाच फूट रुंद आणि साडेनऊ फूट लांब असतो, हे कळल्यावर माझ्या हाताने आपोआप हिशेब मांडला. पट्टी पंधरा इंचांची, सात चौरस, नऊ इंच शेपूट. माप उत्तम आहे असे मी मोठ्याने म्हणालेही. ती घडी त्या सैनिकाच्या आईच्या किंवा बायकोच्या हातात देतात, असे जावयांनी सांगितले. मग कोणी काही बोलले नाही आणि मी चहा टाकायला उठले.

दुसरी सुधारणा अवघड होती आणि खरे सांगायचे तर तीच मला करायची होती. लोंबकळणारी वस्तू पडते की राहते, हे तिचा गुरुत्वमध्य टेबलावर आहे की बाहेर, यावर ठरते. हा काटकोन त्रिकोण आहे. त्याची सर्वांत लांब बाजू पुढे ठेवून तो कडेला पोहोचला, तर बारा मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर गेला की पडलाच. तोच जर अणकुचीदार कोपरा पुढे आणि आखूड बाजू मागे अशा स्थितीत पोहोचला, तर तेहतीस मिलिमीटर बाहेर जाऊनही तग धरतो. हे आकडे दिसायला किरकोळ आहेत. पण घासत थांबणारी वस्तू किती लांब जाईल हे तिच्या वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. टिचकीने वेग दुप्पट दिला तर त्रिकोण चौपट जातो. अडीच फुटी टेबल एकाच टिचकीत पार करून लोंबकळायचे असेल, तर पहिल्या स्थितीत बोटाला वेगात शेकडा एक इतकीही चूक परवडत नाही, दुसऱ्यात शेकडा दोन परवडते. म्हणूनच जाणते खेळाडू एका टिचकीत टेबल ओलांडायला जात नाहीत. आधी हळूच कडेजवळ आणून ठेवतात. वजन वाढवून, म्हणजे आत नाणे घालून, हा प्रश्न सुटत नाही, कारण घर्षणाने थांबण्याचे अंतर वजनावर अवलंबून नसते. शिवाय कागदी खेळात नाणे घालणे मला शिष्टसंमत वाटत नाही.

मी शेपटाचाच उपयोग केला. एकूण कागदाचा जवळजवळ दहावा हिस्सा त्या शेपटात असतो आणि तो ज्या बाजूला खोचला जातो ती बाजू जड होते. ती मागे राहील अशा बेताने घडीची सुरुवात उलट्या कोपऱ्यातून केली, आणि मागची बाजू कुठली ते कळावे म्हणून तिथे पेन्सिलीने बारीक बाण काढला. माझ्या मते तोच या त्रिकोणाचा टायटल ब्लॉक. मग रात्रभर जाड शब्दकोशाखाली दाबून ठेवला. नव्या कागदाच्या अंगात ताठा असतो, तो मुरल्याशिवाय त्रिकोण टेबलाला अंग टेकत नाही.

तोटा लगेच दिसला. सरकताना जी मागची जड बाजू उपयोगी पडते तीच उडवताना आड येते. टिचकीने उडालेला त्रिकोण सरळ कोलांट्या खाण्याऐवजी हवेत डगमगतो आणि माझ्या तर्जनीवर आदळतो. एकाच वस्तूने सरकायचे आणि उडायचेही, ही मागणी करणारा खेळ ज्या कुणी काढला त्याला ड्रॉइंग ऑफिसात कुणी उभे केले नसते. शेपटाचा कोपरा तिरपा कातरून मी डगमग थोडी कमी केली, पण टचडाऊन सहा गुणांचा आणि त्यानंतरची उडी एका गुणाची असल्यामुळे तिच्या वाट्याला माझे श्रमही तेवढेच आले.

नातवाने तो त्रिकोण शाळेत नेला आणि शनिवारी मित्राला खेळायला घरी घेऊन आला. मी स्वयंपाकघरातून पाहत होते. टचडाऊनमागून टचडाऊन होऊ लागले, कधी याचे, कधी त्याचे, कारण त्रिकोण एकच असतो आणि दोघेही तोच वापरतात. त्यात केलेल्या सुधारणेचा फायदा एकट्या माझ्या नातवाला होण्याची सोय नव्हती. थोड्या वेळाने मित्राने जांभई दिली. नातू स्वयंपाकघराच्या दारात आला आणि फार सभ्यपणे म्हणाला, "आजी, हा जरा जास्तच चांगला आहे गं."

मग त्यांनी दप्तरातून एक पान काढले, मिनिटभरात त्याचा नवा त्रिकोण वळला आणि शेपूट अंगठ्याने कोंबले. मी जवळ जाऊन पाहिला. घड्या वाकड्या, एक कोपरा फुगलेला, खिसा अर्धवट उघडा. तो प्रत्येक टिचकीला डावीकडे वळत होता आणि किती वळतो हे त्या दोघांना पहिल्या पाच मिनिटांतच पाठ झाले होते. ते उजवीकडे नेम धरत, आरडाओरडा करत, आणि दर दहा-बारा टिचक्यांत एखादाच टचडाऊन झाला की टेबलावर मुठी आपटत. माझा त्रिकोण तिकडे मिठाच्या बरणीशेजारी पडलेला होता. कोण कशात रमेल ते आपण कसे सांगणार? पण मला विचाराल, तर तो दुसरा त्रिकोण पूर्णपणे चुकीचा घडलेला होता.