चौदा तवे आणि एक नट

नट काही केल्या हलेना. पान्यात चार फुटी पाइप अडकवून मी आणि मिस्त्री दोघंही त्यावर लोंबकळलो, तरी हलेना. आदल्या रात्री त्याला डिझेल पाजून ठेवलं होतं. ते सगळं पिऊन गडी तसाच बसलेला.

वैशाखातली गोष्ट. नांगरट होऊन रान तापत पडलेलं. एखादा वळीव पडला की ढेकळं ठिसूळ होतात, तेव्हा ती फोडायला ट्रॅक्टरमागं हॅरो घालायचा, म्हणजे मृगाच्या आत रान तयार. आमचा हॅरो चौदा तव्यांचा, म्हणजे मातीत फिरणाऱ्या चौदा लोखंडी चकत्यांचा. पुढच्या रांगेत सात कातरे, म्हणजे कडेला खाचा असलेले, मागच्या रांगेत सात साधे. गेल्या हंगामातच त्यानं अंग टाकलं होतं. पऱ्हाटीच्या रानात घातला तर तवे धसकटं तोडायचं सोडून त्यांच्यावरून लोळत जात. मागची रांग तर फिरतच नव्हती. लग्नात रुसलेल्या मामासारखी, ओढाल तिकडे फरपटत यायची आणि मागं मातीचा ढीग लावायची.

शेवटी गॅसचा जाळ दिला. नट लालसर झाला, मिस्त्रीनं घणाचे दोन ठोके घातले आणि कर्र करून तो सुटला. तो आवाज ऐकून मला अंगातला ताप उतरल्यासारखं वाटलं.

मग चौरस शाफ्टवरून एकेक तवा, मधला एकेक बिडाचा स्पूल असं सगळं खाली उतरलं. बेरिंगच्या घरापाशी पोचलो तर शाफ्टला ठिबकच्या जुन्या नळीचा तुकडा, मल्चिंग पेपरच्या चिंध्या आणि पोत्याची प्लॅस्टिकची दोरी, सगळ्यांनी मिळून वेणी घातलेली. तिनंच ऑईल सील कापलं होतं. तिथून माती आत, ग्रीस बाहेर. बेरिंग उघडलं तर छर्रे कुठे आणि माती कुठे हे कळेना. सगळं मिळून एक काळी ढेप. मिस्त्री काही बोलला नाही. ग्रीस भरायच्या निप्पलवर वाळलेला चिखल नखानं खरवडून माझ्याकडं पाहिलं फक्त. ग्रीस गन माझ्याच शेडमध्ये खुंटीला टांगलेली आहे, हे त्याला ठाऊक होतं.

मी दुकानातून सातच तवे आणायच्या विचारात होतो. जे फार झिजलेत ते बदलू, बाकीचे एखादं साल ओढू. मिस्त्री म्हणाला, “भाऊ, एका शाफ्टवर लहानमोठे तवे चालत नसतात.” खरंच होतं ते. सगळे एकाच दांड्यावर, म्हणजे सगळ्यांचे फेरे सारखे. पण मोठ्या तव्याचा घेर मोठा, लहानाचा लहान. मग लहान तवा जमिनीवर घासत जाणार आणि खोली सगळी मोठ्यानं सोसायची. एकत्र कुटुंबात राहिलेल्या माणसाला हे जास्त समजावून सांगावं लागत नाही. चौदाच्या चौदा आणले.

नवा तवा 24 इंची. जुन्याला टेप लावला तर कुठं 20, कुठं सव्वावीस. दुपारी बाभळीखाली जेवताना मी मोबाइलवर हिशेब मांडला. 5 मिलिमीटर जाडीचा नवा तवा साधारण साडेअकरा किलोचा. 20 इंचावर आला की आठ किलोचा. कातऱ्या तव्यांचं थोडं कमीजास्त धरलं, तरी चौदा तव्यांचं मिळून जवळजवळ अर्धा क्विंटल लोखंड गेलं. कुठं गेलं? आमच्याच रानात. भंगारवाल्यालासुद्धा न विचारता आम्ही ते सालोसाल पेरत होतो.

आणि गंमत बघा, दरवर्षी श्रावणात सोयाबीन पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या, म्हणून मी हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, आणून फवारतो. लोहाची कमतरता! आमची जमीन चुनखडीची, सामू (पीएच) आठाच्या वर. तिच्यात लोह असून पिकाला मिळत नाही. अर्धा क्विंटल लोखंड खाऊन बसलेल्या रानाला मी पंपातून ग्रॅमग्रॅमनं लोह पाजतोय. हे बापूंना सांगितलं तर ते म्हणाले, “वखराची पास काय कमी झिजायची? तिचं नाही धरलंस हिशेबात.” आजोबांच्या वेळी लोहार ती पास, म्हणजे वखराचं लोखंडी पातं, भात्यावर तापवून, ठोकून, पाणी देऊन द्यायचा आणि खळ्यावर जोंधळ्याचं बलुतं न्यायचा. आजोबांनी झिजलेल्या लोखंडाचं वजन केल्याचं काही ऐकिवात नाही.

दुपारनंतर जोडायला घेतलं. हॅरो खाली लाकडी ओंडक्यांवर टेकवलेला. ट्रॅक्टरच्या हायड्रोलिकच्या भरवशावर उचललेल्या लोखंडाखाली हात घालायचा नाही, हा बापूंचा नियम. तवा, स्पूल, तवा, स्पूल, नवं बेरिंग, नवं सील. नट आवळून घेतला. तो ढिला राहिला की तव्याचं चौकोनी भोक गोल होतं आणि मग तवा डुगडुगत फुटतो. पुन्हा पाइप, पुन्हा लोंबकळणं. दोन आटे कमी चढलेत असं मिस्त्री पुटपुटला, पण दिवस मावळायला आला होता. नटाला लॉकची पट्टी वाकवली. ग्रीस मारलं, सीलच्या कडेनं स्वच्छ पिवळं ग्रीस बाहेर आलं. हातानं रांग फिरवली तर फिरली, झकास.

बापू इतका वेळ बाजेवर बसून बघत होते. उठले, काठी टेकत जवळ आले, रांगेच्या टोकाला उभं राहून एक डोळा मिटला.

“सगळे तिकडं तोंड करून बसलेत,” ते म्हणाले, “चौथाच इकडं कुणाकडं बघतोय?”

मिस्त्रीनं काही न बोलता पाइप उचलला.