आमरसाच्या डागाची नोंद

गेल्या मंगळवारी मी गॅलरीत एका लेबलवरून भांडले. पोस्टकार्डाच्या निम्म्याएवढं लेबल, आमच्या चादरीशेजारी चिकटवलेलं. त्यावर छापलं होतं : 'ब्लँकेट, भारत, सुती. मेकर अननोन.'

आधी चादर तिथे कशी पोचली ते सांगते. इथे उत्तर इंग्लंडमध्ये आमच्या विद्यापीठाची स्वतःची गॅलरी आहे आणि मी तिथे आठवड्यातून दोन दिवस हमालीवजा मदत करते. आत्ताचं प्रदर्शन घर सोडताना सोबत नेलेल्या कापडांवर आहे. बहुतेक कामं आजच्या कलाकारांची, पण एक भिंत विद्यार्थ्यांनी उसन्या दिलेल्या कापडांसाठी ठेवलेली. मी माझी चादर दिली. कोणती चादर, हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. बॅगेचं वजन जास्त भरलं म्हणून आईने शेंगाचटणीचा दुसरा पुडा काढला, पण चादर काही काढली नाही.

चादर दिली आणि सासुरवास सुरू झाला. आधी प्लास्टिकमध्ये गुंडाळून तीन दिवस उणे 30 अंशांच्या फ्रीजरमध्ये, कसर किंवा तिची अंडी असतील तर मरावीत म्हणून. सोलापूरच्या 44 अंशांत वाढलेल्या वस्तूची ही पाठवणी! मग फ्रीजरमधून काढली तरी लगेच उघडायची नाही. खोलीच्या तापमानाला येईपर्यंत गुंडाळलेलीच ठेवायची, नाहीतर दव धरतं.

मग कंडिशन रिपोर्ट, म्हणजे वस्तू कशा अवस्थेत आली त्याची नोंद. कापडांची डागडुजी करणाऱ्या बाईंनी टेबलावर पांढरा कागद अंथरला, त्यावर चादर पसरली आणि दिवा अगदी खाली, आडवा धरला. तशा उजेडात एकेक उचकलेला धागा वर येतो. हातात पेन्सिलच, कारण वस्तूच्या आसपास पेन आणायला बंदी. 'डावा खालचा कोपरा, तीन धागे तुटलेले. मध्यभागी इस्त्रीचा फिकट डाग.' मी शरमेने अर्धी झाले होते. मग पिवळ्या डागावर पट्टी ठेवून त्यांनी विचारलं, हे काय? म्हटलं, आमरस. त्यांनी स्पेलिंग विचारून घेतलं आणि लिहिलं : 'चार सेंटिमीटर, आमरस, मालकिणीच्या सांगण्यानुसार.'

डाग साफ करू का, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. उसनी आणलेली वस्तू आली तशी परत जायला हवी. मग वरच्या काठाला त्यांनी हाताने सुती पट्टी शिवली, सुई धाग्यात न घुसवता दोन धाग्यांच्या मधून घालत. पट्टीवर वेलक्रो, आणि तो भिंतीवरच्या लाकडी पट्टीला चिकटतो. चादरीला एकही खिळा नाही. एवढ्याला अख्खी दुपार गेली आणि खरं सांगायचं तर मी बघतच बसले.

बाकीची तयारी म्हणजे गॅलरीचं पुठ्ठ्याचं छोटं मॉडेल, त्यात नखाएवढी चित्रं सरकवून बघणं, जुनी भोकं बुजवून भिंती रंगवणं, प्रत्येक चित्राचा मध्य जमिनीपासून 150 सेंटिमीटरवर आणणं. सोलापुरात कॉलेजच्या प्रदर्शनात आम्ही कनातीला टाचण्यांनी चित्रं लावली होती आणि रात्री पाऊस आला होता. पण उद्घाटनाला पाय ठेवायला जागा नव्हती, आजूबाजूच्या गल्लीतल्या बायकासुद्धा पोरांना घेऊन आल्या होत्या. इथे उद्घाटनाला तीसेक माणसं, हातात वाइन. असो, मला कुणाचं वाईट बोलायचं नाही.

तर लेबल. डागाला सेंटिमीटर, आणि विणणाऱ्याला 'अननोन'? क्युरेटरबाईंना म्हटलं, हे ब्लँकेट नाही, चादर आहे. 2005-06 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर. आमच्या पूर्व भागात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या पिढ्या मागावर खपल्या. चादरीवरचा हा मोर जकार्ड मागावर विणलाय. जकार्ड म्हणताच बाई खुलल्या : फ्रान्स, लिऑन, 1804, भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं, सगळं पाठ. म्हटलं, बघा, यंत्र बनवणाऱ्या जकार्डचं नाव तुम्हाला ठाऊक आहे.

त्या शांतपणे म्हणाल्या, विणणाऱ्याचं तुम्ही सांगा, आत्ता छापते.

मी बाबांना फोन लावला. सोलापुरात रात्रीचे साडेनऊ. "कुणी विणली म्हणजे? नवी पेठेतनं घेतली गं. दोन घेतल्या, एक आत्याला दिली." कोपऱ्यात विणलेलं नाव कारखान्याचं, तेही धुऊन धुऊन अर्धं उरलेलं. विणकर कोण, हे चौदा वर्षं ती पांघरताना आमच्या घरात कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. हे मी बाईंना सांगितलं नाही. तिकडे रात्र झाली आहे, उद्या कळवते म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मीच वाक्य सुचवलं. आता लेबलवर आहे : 'चादर. सोलापूर, महाराष्ट्र. सुती, जकार्ड विणकाम. विणकराचं नाव नोंदवलेलं नाही.' न नोंदवणाऱ्यांत आम्हीही आलो, पण तेवढी जागा लेबलवर नव्हती.

रविवारी व्हिडिओ कॉलवर घरच्यांना भिंत दाखवली. कापडाचा रंग उडू नये म्हणून तिथे 50 लक्सच उजेड ठेवतात, त्यामुळे बाबांचा पहिला प्रश्न, "लाइट गेलीय का तिथं?" आईने फोन डोळ्यांशी नेला. मोर बघितला, मग खाली बघितलं, आणि तिचा आवाज चढला.

"अगं, डाग पडलेली चादर चार लोकांत टांगलीस? सांगायचं ना, नवी पाठवली असती!"

धुवायला परवानगी नाही म्हटल्यावर तिने फोन बाबांकडे दिला.