पाणी येणार कुठनं?

आमची जलभंजनाची, म्हणजे कोरड्या बोअरमध्ये दाबानं पाणी सोडून खडकातल्या फटी उघडायची, गाडी वाडीत शिरली आणि पोरांनी वाट अडवली. पुढच्याच्या हातात मोबाइल. अमेरिकेतल्या कुठल्याशा घरात नळाला काडी लावली की भडका उडतो, तो व्हिडिओ. "साहेब, हेच करायला आलाय न्हवं?"

भुदरगड तालुक्यातली डोंगरावरची वाडी. पावसाळ्यात चार महिने अंगावरचं इरलं उतरत नाही आणि मार्च सरला की हातपंप नुसता खडखडतो. कोल्हापुरात सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. पण सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारावर, पाणी थांबत नाही आणि खाली एकसंध काळा पाषाण. बोअरला फट लागली नाही तर वर कितीही कोसळो, उपयोग शून्य.

पोरांना मी उडवून लावलं नाही. पेन्सिल्व्हेनियातल्या डिमॉक गावात १ जानेवारी २००९ ला एका घराच्या पाण्याच्या विहिरीचा मिथेनमुळे स्फोट झाला, हे खरंच आहे. तिथल्या कुटुंबांना वर्षानुवर्षं बाहेरच्या पाण्यावर दिवस काढावे लागले. आणि २००५ च्या कायद्यानं तिथल्या फ्रॅकिंगला, म्हणजे गॅससाठी खोल खडक फोडण्याला, पिण्याच्या पाण्याच्या संरक्षणातून जवळजवळ मोकळं सोडलं, याचा मला आजही संताप येतो. पण तिथं किलोमीटर-दोन किलोमीटर खाली जाऊन, वाळू आणि रसायनं मिसळलेलं लाखो लिटर पाणी खडकात घालतात, गॅससाठी. आमची बोअर साठ मीटरची आणि पाणी साध्या टँकरचं. ते मी ओंजळीनं पिऊन दाखवलं, तेव्हा वाट मोकळी झाली.

या कामातली सगळी कसोटी पॅकर, म्हणजे बोअर आतून घट्ट बंद करणारा बोळा, कुठं बसवायचा यात असते. केसिंगच्या, म्हणजे बोअरच्या वरच्या भागातल्या पाइपच्या, खाली अखंड पाषाण शोधून तो रबरी पॅकर फुगवायचा. मांजऱ्यात, म्हणजे मऊ खडकात, बसवला तर पाणी बाजूनं वर येतं, दाब धरतच नाही. घाईची माणसं तिथंच काम नासवतात आणि कागदावर 'पूर्ण' लिहून मोकळी होतात. त्या दिवशी पॅकर पहिल्याच बैठकीत धरला. पंप चालू केला, दाबाचा काटा चढत गेला, शंभरीजवळ क्षणभर थरथरला आणि एकदम पडला. फट उघडली होती. मग कमी दाबानं पाणी ढकलत राहिलो, फटीतला गाळ धुऊन निघेपर्यंत.

तेवढ्यात उतारावरच्या आजी आल्या. त्यांची विहीर शंभरेक पावलांवर. दोन म्हशी आणि परसातली भाजी तिच्यावरच.

"आवशीद सोडत न्हाईस, त्ये कळलं मला. पर ह्या बोरात पानी येनार कुठनं? माज्या हिरीतलंच न्हवं?"

"आजी, खडकातनं येतंय," म्हणालो.

"हीर बी खडकातच हाय की."

सार्वजनिक पिण्याच्या पाण्याजवळ ५०० मीटरच्या आत नवी विहीर काढू नये, असा नियम आपल्याकडं १९९३ च्या कायद्यानं घातला. म्हणजे तेवढ्यावरनं पाणी ओढलं जातं, हे सरकारला मान्य आहे. पण सरकारी बोअरनं आजींचं पाणी ओढलं तर? आमच्या अर्जात बोअरचं आधीचं आणि नंतरचं पाणी लिहायला रकाने आहेत, शेजारच्या विहिरीला एकही नाही.

मी टेप सोडून विहिरीची पातळी मोजली आणि कठड्यावर खडूनं लिहिली. संध्याकाळी विहिरीचं पाणी गढूळ झालं, दुसऱ्या दिवशी निवळलं. म्हणजे फट तिकडंही पोचली होती. हातपंपाला भरपूर पाणी आलं, बायकांची खालच्या ओढ्यापर्यंतची पायपीट वाचली. त्याचा मला आनंद आहे, तो मी लपवणार नाही.

एप्रिलअखेर ग्रामसेवकांचा फोन आला: आजींची विहीर हातभर खाली गेलीय. उन्हाळ्यानं की आमच्यामुळं, सांगता येत नाही, कारण मागच्या वर्षांची पातळी कुणी मोजलेलीच नाही. आधी महिनाभर आसपासच्या विहिरी मोजा, मगच गाडी पाठवा, असं वर लिहून दिलंय. "यासाठी खर्चाचं लेखाशीर्ष नाही," एवढंच उत्तर आलं. पुढच्या वाडीची ऑर्डर मात्र त्याच आठवड्यात निघाली.