केआचा डेटाबेस कमांड लाइनवरून सांभाळताना

गोव्यातल्या हॉटेलांच्या नेटवर्कची मोठी कामं जून ते सप्टेंबरमध्ये उरकावीत. ऑक्टोबरपासून खोल्या भरू लागतात, आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कळंगुट-बागा पट्ट्यात डीएचसीपी सर्व्हरला हात लावायची कुणाची छाती होत नाही. यंत्रांना नेटवर्कचे पत्ते देणारा हा सर्व्हर बसला की वायफायचा सिग्नल पूर्ण दिसतो पण नेट मिळत नाही, आणि पाहुण्याला त्याचं कारण समजावून सांगता येत नाही.

आयएससीने (इंटरनेट सिस्टिम्स कन्सॉर्शियम या संस्थेने) जुन्या आयएससी डीएचसीपीची देखभाल २०२२ मध्ये थांबवली. त्यांचाच केआ हा आता पुढचा सर्व्हर. तो लीज, म्हणजे ठरावीक मुदतीपुरत्या दिलेल्या पत्त्यांच्या नोंदी, तीन प्रकारे ठेवतो: मेमफाइल (मेमरी आणि सोबत साधी फाइल), आणि मायएसक्यूएल व पोस्टग्रेएसक्यूएल हे दोन डेटाबेस. वीस खोल्यांच्या गेस्टहाउसला मेमफाइल पुरते. वेगातही तीच पुढे असते. राखीव पत्ते बाहेरच्या सॉफ्टवेअरमधून भरायचे असतील किंवा कुठला पत्ता कुणाकडे आहे हे दुसऱ्या प्रणालीला विचारायचं असेल, तरच डेटाबेसचा व्याप घ्यावा. एकदा घेतला की केआ-ॲडमिन हे केआचा डेटाबेस सांभाळणारं हत्यार नीट माहीत हवं.

आज्ञा इथे देवनागरीत आहेत, टाइप मात्र रोमन अक्षरांत करायच्या. रिकामा डेटाबेस आणि त्याचा वापरकर्ता आधी डेटाबेसच्या स्वतःच्या क्लायंटमधून तयार करा. मग:

केआ-ॲडमिन डीबी-इनिट मायएसक्यूएल -यू वापरकर्ता -पी पासवर्ड -एन डेटाबेसचं-नाव

लहान पी म्हणजे पासवर्ड, मोठा पी म्हणजे पोर्ट. ओळीत लिहिलेला पासवर्ड शेलच्या इतिहासात राहतो आणि आज्ञा चालू असेपर्यंत प्रक्रियांच्या यादीतही दिसू शकतो. म्हणून नव्या आवृत्त्यांत केआ_ॲडमिन_डीबी_पासवर्ड हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वापरा. डेटाबेसमध्ये आधीच टेबलं असतील तर डीबी-इनिट पुढे जात नाही, आणि तेच बरोबर आहे. तिथे टेबलं हातानं उडवण्याआधी आपण चुकून चालू डेटाबेसचं नाव दिलं नाही ना, हे पाहा.

मायएसक्यूएलमध्ये इथे हमखास एक त्रुटी येते: क्रमांक १४१९, सुपर अधिकार नाही आणि बायनरी लॉगिंग (डेटाबेसमधल्या बदलांची नोंद) चालू आहे. केआच्या स्कीमात (टेबलांच्या रचनेत) ट्रिगर (टेबल बदललं की आपोआप चालणाऱ्या आज्ञा) आणि फंक्शनं आहेत. बायनरी लॉग चालू असताना साध्या वापरकर्त्याला ती तयार करता येत नाहीत. मायएसक्यूएल ८ मध्ये बायनरी लॉग मुळातच चालू असतो. प्रशासक म्हणून लॉग_बिन_ट्रस्ट_फंक्शन_क्रिएटर्स १ करा, काम झाल्यावर परत शून्यावर आणा. पुढच्या अपग्रेडलाही हेच लागेल, त्यामुळे ते सर्व्हरच्या वहीत लिहून ठेवा.

पोस्टग्रेएसक्यूएलवर अडखळण्याच्या जागा दोन. पहिली पीअर ऑथेंटिकेशनची, म्हणजे पासवर्डऐवजी यंत्रावरच्या वापरकर्त्याचं नाव पाहून प्रवेश देण्याची: पीजी_एचबीए फाइलमध्ये केआच्या वापरकर्त्यासाठी पासवर्डची ओळ, सर्वसाधारण ओळींच्या वर, घालायला हवी, कारण फाइल वरून खाली वाचली जाते आणि पहिली जुळणारी ओळ लागू होते. दुसरी वेळेच्या पट्ट्याची. डेटाबेस यूटीसीवर आणि केआचं यंत्र एशिया/कोलकाता वर असेल तर साडेपाच तासांचा घोळ लीजच्या मुदतीत शिरू शकतो. शो टाइमझोन विचारून दोन्हीकडे एकच पट्टा आहे याची खात्री करा.

आता अपग्रेड, जिथे सर्वाधिक नुकसान होतं. केआ सुरू होताना डेटाबेसमधल्या स्कीमा_व्हर्जन टेबलात आवृत्ती पाहतो. त्याला हवी ती नसेल तर लॉगमध्ये हवी असलेली आणि सापडलेली असे दोन्ही आकडे लिहून थांबतो. म्हणजे पॅकेज नवं आणि डेटाबेस जुना असा जोड चालत नाही. रात्री आपोआप पॅकेजं अद्ययावत करणारी सोय या यंत्रावर केआपुरती बंदच ठेवा; नाहीतर सर्व्हर पुढच्या रीस्टार्टला बसेल, आणि तो रीस्टार्ट वीज गेल्यावर, म्हणजे नेमका नको त्या वेळी होईल.

क्रम असा. डीबी-व्हर्जनने सध्याचा आकडा टिपून घ्या. तोच डेटाबेस वापरणारे सगळे केआ सर्व्हर थांबवा, एकच नव्हे. बॅकअप घ्या: मायएसक्यूएलडंपला सिंगल-ट्रान्झॅक्शन आणि रूटीन्स हे दोन्ही पर्याय द्या. रूटीन्स विसरलात तर प्रोसीजर आणि फंक्शनं बॅकअपमध्ये येत नाहीत, आणि हे कळतं ते परत उभारताना. पोस्टग्रेसाठी पीजी_डंप पुरेसा. मग नवं पॅकेज, मग डीबी-अपग्रेड, त्याच वापरकर्त्याने आणि त्याच पर्यायांनी. पुन्हा डीबी-व्हर्जन. केआ-डीएचसीपी४ ला -टी (लहान टी) देऊन कॉन्फिगरेशन तपासा. ही तपासणी फाइलमधल्या चुका पकडते, डेटाबेस खरोखर जोडला जातो की नाही हे सर्व्हर उठतानाच दिसतं.

मागे जाण्याची आज्ञा नाही. बॅकअप हाच परतीचा रस्ता. मायएसक्यूएलमध्ये तर टेबलाची रचना बदलणारी प्रत्येक आज्ञा लगेच पक्की होते, त्यामुळे अपग्रेड मध्येच तुटलं तर स्कीमा अर्धवट राहतो आणि पुन्हा चालवलं की आधीच असलेल्या कॉलमवर अडतो. अशा वेळी एकेक कॉलम हाताने जुळवत बसू नका. डेटाबेस पुसून बॅकअप चढवा, कारण दूर करा, नव्याने चालवा. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये रचनेचे बदलही ट्रान्झॅक्शनमध्ये राहू शकतात, म्हणून तिथे सावरणं सोपं जातं. दोन्ही सारखेच येत असतील तर पोस्टग्रे निवडायला माझ्या मते हे एकच कारण पुरेसं आहे.

वेळ कोणती? लीज चार तासांची असेल तर पाहुण्याचं यंत्र दोन तासांनी नूतनीकरण मागतं आणि उत्तर मिळालं नाही तरी मुदत संपेपर्यंत पत्ता वापरतं. त्यामुळे अर्ध्या तासाचा खंड जुन्या पाहुण्यांना सहसा जाणवत नाही, नव्याने येणाऱ्यांना जाणवतो. दुपारचं चेक-इन टाळा, पहाट धरा.

मेमफाइलवरून डेटाबेसवर जाताना लीज-अपलोड वापरतात. मेमफाइलची सीएसव्ही ही रोजनिशी असते: एकच पत्ता प्रत्येक नूतनीकरणाला नव्या ओळीत येतो. डेटाबेसमध्ये मात्र पत्ता ही प्रायमरी की, म्हणजे तो एकदाच येऊ शकतो. म्हणून केआ थांबवून आधी केआ-एलएफसीने फाइल साफ करा, मग -४ किंवा -६ (आयपीव्ही४ की आयपीव्ही६) आणि -आय पुढे फाइलचा पूर्ण मार्ग देऊन चढवा. उलट दिशेला लीज-डंप. त्यात फक्त लीज येतात. होस्ट्स टेबलातले राखीव पत्ते येत नाहीत, तेव्हा लीज-डंपला बॅकअप समजू नका. सबनेटचे (नेटवर्कच्या भागांचे) क्रमांकही दोन्हीकडे तेच हवेत, कारण प्रत्येक लीज आपल्या सबनेटच्या क्रमांकाला बांधलेली असते.

पुष्कळ फोन आता खासगी, बदलता मॅक पत्ता (यंत्राची नेटवर्कवरची ओळख) वापरतात, त्यामुळे एक पाहुणा दोन-तीन पत्ते अडवू शकतो. पूल (वाटायच्या पत्त्यांचा साठा) भरल्याची शंका आली की लीज४ टेबलात स्टेटनुसार मोजणी करा: ० चालू, १ नाकारलेले, २ मुदत संपून परत घेतलेले. १ वाढत असतील तर कुणीतरी हाताने पत्ता टाकला आहे किंवा नेटवर्कवर दुसरा डीएचसीपी सर्व्हर आहे. आयपी पत्ता टेबलात पूर्णांक म्हणून असतो. मायएसक्यूएलमध्ये आयनेट_एनटोए ने तो वाचण्याजोगा होतो.

टेबल रिकामं करायला ट्रंकेट कधीही वापरू नका. आकडेवारीचं टेबल ट्रिगरवर चालतं आणि ट्रंकेटने ते ट्रिगर चालतच नाहीत. लीज शून्य आणि आकडेवारीत मात्र जुनीच संख्या असं दिसतं. झालंच असेल तर केआ-ॲडमिनची स्टॅट्स-रीकाउंट ही आज्ञा मोजणी पुन्हा करते.

पावसाळ्यात वीज जाऊन आली की केआ आणि डेटाबेस एकदमच उठतात, आणि डेटाबेसला वेळ जास्त लागतो. केआ पहिल्या नकारालाच हार मानतो. लीज-डेटाबेसच्या भागात रिट्राय-ऑन-स्टार्टअप ट्रू करा, मॅक्स-रीकनेक्ट-ट्राइज ३० आणि रीकनेक्ट-वेट-टाइम ५००० ठेवा. हा शेवटचा आकडा मिलिसेकंदांत असतो. ५ लिहिलंत तर तीसही प्रयत्न डोळ्याचं पातं लवण्याआधी संपतील.

२०२५ मध्ये आलेल्या ३.० वर जाताना आणखी एक बदल: मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेचा आधार आता हुक लायब्ररीत (सर्व्हरला वेगळ्या जोडायच्या भागात) आहे. हुक्स-लायब्ररीजमध्ये लिबडीएचसीपी_मायएसक्यूएल किंवा लिबडीएचसीपी_पीजीएसक्यूएल घातली नाही, तर डीबी-अपग्रेड बिनचूक होऊनही सर्व्हर उठत नाही. काही लिनक्सवर ही हुक वेगळ्या पॅकेजात येते, ती आधी बसवा.